विश्लेषण : व्यापारी इमारतींची ऊर्जासंहिता परवानगीच्या टेबलापर्यंत कधी पोहोचणार?

केंद्राने व्यापारी इमारतींसाठी २००७, २०१७ आणि २०२४ अशा तीन संहिता आणल्या. विश्रांतवाडीसारख्या वेगाने उभ्या राहणाऱ्या उपनगरांतील दुकानदाराचे वीजबिल त्यामुळे कमी होणार की नाही, हे मात्र राज्य आणि महापालिकेच्या हातात आहे.

विश्रांतवाडीच्या मुख्य चौकातून विमानतळाकडे जा किंवा आळंदी रस्त्याने कळसकडे वळा. दोन्ही बाजूंना एकाच साच्यातल्या इमारती दिसतात. तळाला दुकाने, वर बँक, क्लास, दवाखाना, जिम आणि त्याहून वर कार्यालये. दर्शनी भाग काचेचा, कडेला एसीपीचे पत्रे. दुपारी चारनंतर पश्चिमेचे ऊन या काचेवर थेट येते. मग आतला गाळाधारक काचेला आतून फ्लेक्स किंवा काळी फिल्म चिकटवतो, उजेड गेला म्हणून भरदिवसा दिवे लावतो आणि एसी आणखी दोन अंशांनी खाली आणतो. काचेचे पैसे एकदा जातात, ती झाकण्याचे दुसऱ्यांदा जातात आणि विजेचे दर महिन्याला जात राहतात.

यात त्या दुकानदाराचा दोष नाही. भिंत कशाची, काच कोणती, छतावर काय, खिडकीला छज्जा आहे की नाही, हे सगळे त्याने गाळा घेण्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते. ज्याने ते ठरवले तो बिल भरत नाही आणि जो बिल भरतो त्याला ते ठरवता येत नाही. इमारतींच्या ऊर्जासंहितेची गरज नेमकी इथे निर्माण होते.

ही संहिता म्हणजे काय?

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला आणि २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे बीईई, सुरू झाला. एसी-फ्रिजवरच्या ताऱ्यांमुळे हे नाव घरोघरी पोहोचले. उपकरणासाठी जसे तारे, तशी इमारतीसाठी संहिता. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने पहिली ‘ऊर्जा संवर्धन इमारत संहिता’, म्हणजे ईसीबीसी, मे २००७ मध्ये आणली.

ही संहिता इमारत किती मजबूत आहे किंवा आगीपासून किती सुरक्षित आहे हे पाहत नाही. त्यासाठी राष्ट्रीय इमारत संहिता आणि अग्निसुरक्षेचे कायदे आहेत. ईसीबीसी पाहते ते एवढेच : ही इमारत थंड ठेवायला, उजळायला आणि चालवायला किती वीज लागेल? त्यासाठी ती भिंती-छत-खिडक्या, वातानुकूलन, दिवे, विजेची यंत्रणा आणि सौरऊर्जेची सोय यांवर किमान अटी घालते.

दोन उदाहरणे पुरेशी आहेत. साध्या पारदर्शक काचेतून उन्हाच्या उष्णतेपैकी ८० टक्क्यांच्या आसपास उष्णता आत येते. २०१७ च्या संहितेचा सरळ मार्ग पत्करला, तर बहुतेक हवामानात उत्तरेखेरीज इतर दिशांच्या काचेतून २७ टक्क्यांहून अधिक उष्णता येता कामा नये आणि बाहेरच्या भिंतींच्या एकूण क्षेत्रात काचेचा वाटा ४० टक्क्यांवर जाता कामा नये. दुसरे उदाहरण छताचे. सपाट छताच्या पृष्ठभागाने किमान ६० टक्के ऊन परत फेकले पाहिजे. पुण्यात गच्चीवर ब्रिकबॅट कोबा करून वर पांढरी चायना मोझॅक बसवण्याची पद्धत जुनी आहे. संहितेला अभिप्रेत असलेला विचार त्यापेक्षा फार वेगळा नाही. फक्त तो मोजून, आकड्यांत मांडलेला आहे.

केंद्राची संहिता राज्यात आपोआप का लागू होत नाही?

भाडेकराराचा छापील नमुना दुकानात मिळतो, पण दोन्ही बाजूंच्या सह्या आणि नोंदणी होईपर्यंत तो कोणालाच बांधत नाही. केंद्राची संहिता अशीच एक नमुना संहिता आहे. कायद्याच्या कलम १५ नुसार राज्य सरकार स्थानिक हवामानाप्रमाणे तिच्यात बदल करू शकते आणि ती अधिसूचित करून लागू करते. त्यानंतर ती विकास नियंत्रण नियमावलीत यावी लागते, कारण नकाशा मंजूर करणारा अभियंता बीईईचे पुस्तक उघडत नाही, नियमावली उघडतो.

म्हणजे तीन पायऱ्या आहेत : केंद्र, राज्य आणि महापालिका. यातील कोणतीही एक थांबली की बाकीच्या दोन कागदावर राहतात. राजस्थान आणि ओडिशाने २०११ मध्ये, तर आंध्र प्रदेशाने २०१४ मध्ये आपापली संहिता अधिसूचित केली. देशात सर्वाधिक व्यापारी बांधकाम होणाऱ्या राज्यांपैकी एक असलेला महाराष्ट्र या पहिल्या रांगेत नव्हता.

हे विशेष खटकते, कारण साधनांची कमतरता इथे नव्हती. राज्याची नियुक्त संस्था ‘महाऊर्जा’ १९८० च्या दशकापासून काम करते आणि तिचे मुख्यालय पुण्यातच आहे. राज्याने २०१७ मध्ये ऊर्जा संवर्धन धोरण जाहीर केले. हडपसरमधील सुझलॉनचे ‘वन अर्थ’ संकुल तर दशकाहून अधिक काळ हरित इमारतीचा नमुना म्हणून दाखवले जाते. ज्ञान शहरात होते. रस्त्यावरच्या सामान्य इमारतीपर्यंत त्याला नेणारा नियम मागे पडला.

२००७, २०१७, २०२४ : काय बदलले?

२००७ ची संहिता हा पहिला प्रयत्न होता आणि तिचा सुरुवातीचा रोख फार मोठ्या इमारतींवर होता. पुढे २०१० च्या दुरुस्तीने मर्यादा खाली आणली : १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए कॉन्ट्रॅक्ट डिमांड असलेली व्यापारी इमारत कक्षेत आली.

२०१७ च्या आवृत्तीने तीन पातळ्या केल्या. किमान पातळी, त्यावरची ‘प्लस’ आणि सर्वात वरची ‘सुपर’. पारंपरिक इमारतीच्या तुलनेत अनुक्रमे सुमारे २५, ३५ आणि ५० टक्के ऊर्जा वाचावी, असा हिशेब त्यामागे आहे. छतावर सौरऊर्जेसाठी जागा राखण्याची अटही तिने आणली.

त्यानंतर कायदाच बदलला. ऊर्जा संवर्धन (सुधारणा) कायदा २०२२ हा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. त्याने संहितेच्या नावात ‘शाश्वत’ हा शब्द घातला, निवासी इमारतींनाही कक्षेत आणण्याची वाट मोकळी केली आणि १०० किलोवॉटची मर्यादा आणखी खाली आणण्याचा अधिकार राज्यांना दिला. या कायद्याला धरून २०२४ ची ‘ऊर्जा संवर्धन आणि शाश्वत इमारत संहिता’ आली. तिने विजेबरोबर पाण्याचा वापर, कचरा, जागेची निवड आणि आतल्या हवेचा दर्जा हेही विषय घेतले.

१०० किलोवॉटची रेषा विश्रांतवाडीत कुठे पडते?

हा आकडा ऐकून अनेकांना वाटते, की हे मॉल आणि आयटी पार्कांपुरते आहे. एक ढोबळ हिशेब करून पाहा. दीड टनाचा एक एसी साधारण दीड किलोवॉट वीज ओढतो. चार मजल्यांच्या इमारतीत असे ४० एसी असले तर ६० किलोवॉट झाले. दोन लिफ्ट, पाण्याचे पंप, जिने आणि पार्किंगचे दिवे, प्रत्येक गाळ्यातील दिवे-पंखे-संगणक, एखाद्या दवाखान्याची यंत्रे आणि उपाहारगृहाचे डीप फ्रीझर मिळवले, की १०० चा आकडा सहज पार होतो. टिंगरेनगर, धानोरी, विमानतळ रस्ता या पट्ट्यात अशा इमारती थोड्या नाहीत.

इथे एक पळवाट आहे आणि ती बुजवायला हवी. गाळे विकले जातात, प्रत्येक गाळ्याला वेगळा मीटर मिळतो आणि कोणत्याही एका बिलावर १०० किलोवॉट दिसत नाही. म्हणून भार मोजायचा तो संपूर्ण इमारतीचा, आणि तोही मीटर बसल्यावर नव्हे तर नकाशा मंजूर करताना. नाहीतर शंभर छोट्या जोडण्यांची एक मोठी इमारत नियमातून अलगद निसटते.

दुसरे अंतर याहून मोठे आहे. २० हजार चौरस मीटर आणि त्याहून अधिक बांधकाम असलेल्या प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरणीय परिणाम अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्या मंजुरीच्या अटींमध्ये ऊर्जासंहितेचे पालन असते. म्हणजे सर्वात मोठे प्रकल्प एका वेगळ्या दारातून का होईना, संहितेसमोर उभे राहतात. अगदी छोट्या दुकानांना ती लागूच नाही. मधल्या आकाराच्या इमारती, ज्या विश्रांतवाडीसारख्या उपनगराचा चेहरा घडवतात, त्या फक्त महापालिकेच्या दारातून जातात. त्या दारात जे विचारले जाणार नाही, ते होणार नाही.

यूडीसीपीआर आहे, हरित मानांकन आहे. मग आणखी काय हवे?

डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता जवळपास संपूर्ण राज्यासाठी एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू झाली. तिच्यात सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण, सांडपाण्याचा पुनर्वापर यांच्या तरतुदी आहेत. हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतींना मानांकनानुसार मूळ चटईक्षेत्राच्या ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआयही मिळतो.

हे स्वागतार्ह आहे, पण बक्षीस आणि किमान पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात पहिल्या तिघांना ढाल देऊन नापासांची संख्या कमी होत नाही. एफएसआयचे बक्षीस घ्यायला येतो तो मोठा विकासक, ज्याच्याकडे सल्लागार आहेत आणि ज्याला मानांकनाची जाहिरातही करायची आहे. लहान भूखंडावर पाच मजले बांधणारा त्या वाटेला जात नाही. त्याच्यासाठी नियमच लागतो.

नियम असला म्हणजे तो पाळला जातो असेही नाही. ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना पर्जन्यजल संधारण सक्तीचे आहे. किती ठिकाणी तो खड्डा पूर्णत्वाच्या दाखल्यानंतरही पाणी मुरवतो, हे आपापल्या सोसायटीत डोकावून पाहिले तरी कळेल. ऊर्जासंहितेचे तसे होऊ द्यायचे नसेल, तर ‘नियम कोणाचा’ या प्रश्नाइतकाच ‘तपासणार कोण’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

याचे उत्तर विश्रांतवाडीला शिकवायला नको. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे. या परिसरात इमारतीच्या उंचीचा ना-हरकत दाखला नसेल तर फाइल हलत नाही. आगीबाबत अग्निशमन दलाचा दाखला लागतो. उंचीला हवाई दल आहे, आगीला अग्निशमन दल आहे; उष्णतेला मात्र कोणीच वाली नाही.

खर्च वाढेल, हा आक्षेप कितपत खरा?

बांधकाम व्यावसायिकांचा हा आक्षेप खोटा नाही. चांगली काच, छताला उष्णतारोधक थर, दर्जेदार एसी यंत्रणा यांना सुरुवातीला जास्त पैसे लागतात. पण हिशेब अर्धाच करून चालणार नाही.

समजा, १,००० चौरस मीटरच्या कार्यालयाला वर्षाला प्रति चौरस मीटर १२० युनिट वीज लागते. म्हणजे १ लाख २० हजार युनिट. संहितेच्या किमान पातळीवर २५ टक्के वाचले, तर ३० हजार युनिट. व्यापारी वापराचा सर्व आकारांसह दर युनिटला १२ रुपये धरला, तर वर्षाला ३ लाख ६० हजार रुपये, म्हणजे महिन्याला ३० हजार. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, पण प्रमाण लक्षात यावे. एका लहान कार्यालयात एका माणसाचा पगार यातून निघतो.

शिवाय काही उपाय स्वस्त आहेत, काही तर खर्च कमी करणारे. पश्चिमेला काच कमी ठेवणे, खिडकीवर पुरेसा छज्जा देणे, जिने आणि स्वच्छतागृहे तापणाऱ्या बाजूला घेणे, गच्ची पांढरी ठेवणे. जाड भिंती, पडवी आणि चौक यांनी पुण्याचे वाडे विजेविना थंड राहत होते. चार दशकांपूर्वीच्या साध्या इमारतींनाही छज्जे होते. काचेच्या पडद्याने ते काढून टाकले आणि त्यांचे काम एसीवर सोपवले.

एक रास्त अडचण मात्र मान्य केली पाहिजे. उष्णतेचा हिशेब करू शकणारे तज्ज्ञ मोठ्या सल्लागार संस्थांत आहेत. लहान आर्किटेक्टच्या कार्यालयात ते नसतात. म्हणून नियम आणताना सोपी तपासयादी आणि प्रशिक्षण दोन्ही हवे. संहितेत हिशेबाचे दोन मार्ग आहेत : एक, संपूर्ण इमारतीचे संगणकीय प्रारूप, दुसरा, काच, भिंत, छत यांचे ठरलेले आकडे पाळणे. मध्यम इमारतीसाठी दुसरा मार्ग पुरेसा आहे. पुरवठादाराने दिलेले काचेचे प्रमाणपत्र आणि छताचा तपशील जोडणे हे काही अवघड काम नाही.

इतरांनी हे कसे केले?

तेलंगणाने संहिता ऑनलाइन बांधकाम परवानगीशी जोडली. विकासक नेमलेल्या त्रयस्थ तपासनीसाकडून आराखडा तपासून घेतो आणि त्याचा दाखला परवानगीच्या फाइलमध्ये जातो. महापालिकेच्या अभियंत्याला ऊर्जातज्ज्ञ व्हावे लागत नाही. दाखला आहे की नाही, एवढेच त्याला पाहायचे असते.

अमेरिकेत व्यापारी इमारतींसाठी ‘ॲशरे ९०.१’ हे प्रमाण आहे. तेलसंकटानंतर १९७५ मध्ये ते प्रथम आले आणि आता दर तीन वर्षांनी सुधारले जाते. नव्या आवृत्तीने ऊर्जा वाचते असा निर्वाळा तिथल्या ऊर्जा विभागाने दिला, की आपली व्यापारी संहिता त्या पातळीवर आणल्याचे प्रत्येक राज्याने दोन वर्षांत कळवावे, असे १९९२ चा कायदा सांगतो. तिथेही अनेक राज्ये मागे राहतात. पण मागे कोण आहे हे उघड दिसते आणि मुदत ठरलेली असते. आपल्याकडे राष्ट्रीय इमारत संहिता १९७०, १९८३, २००५ आणि २०१६ अशी आली, तर ऊर्जासंहितेच्या आवृत्त्यांत दहा आणि सात वर्षांचे अंतर पडले. राज्याने त्यात आपली काही वर्षे मिळवली, की संहिता लागू होईपर्यंत जुनी झालेली असते.

आता काय व्हायला हवे?

पहिले, महाराष्ट्राचे नियम २०२४ च्या संहितेवर बेतलेले असावेत. २०१७ ची पायरी आधी आणि २०२४ ची नंतर, असा क्रम लावण्यात अर्थ नाही. मुंबईची दमट हवा, विदर्भाचा उन्हाळा आणि पुण्याचे तुलनेने सौम्य हवामान यांना एकच माप लावू नये. कलम १५ ने तो अधिकार राज्याला दिलेलाच आहे.

दुसरे, तपासणी यूडीसीपीआर आणि ऑनलाइन परवानगीतच बसवावी : बांधकाम सुरू करण्याच्या दाखल्याआधी आराखड्याची आणि भोगवटा पत्राआधी प्रत्यक्ष बसवलेल्या काच-छताची. दुसरी तपासणी नसेल तर पहिली निरर्थक आहे.

तिसरे, नव्या राष्ट्रीय आवृत्तीनंतर ठरावीक मुदतीत राज्याचे नियम सुधारण्याचे बंधन राज्याने स्वतःवर घालून घ्यावे. आणि चौथे, सुरुवात सरकारी इमारतींपासून व्हावी. शासनाची नवी कार्यालये, महापालिकेची रुग्णालये, क्षेत्रीय कार्यालये यांचा वर्षाचा प्रति चौरस मीटर वीजवापर दर्शनी भागात लावला, तर खासगी विकासकाला सांगण्याचा नैतिक अधिकार येईल.

गाळा घेणाऱ्याने काय विचारावे?

नियम येईपर्यंत ग्राहकाच्या हातातही काही प्रश्न आहेत. संपूर्ण इमारतीचा जोडभार किती? पश्चिम आणि दक्षिणेच्या काचेचा प्रकार कोणता आणि तिचे प्रमाणपत्र कुठे आहे? छतावर उष्णतारोधक थर आहे का? एसीचे बाहेरचे युनिट ठेवायला मोकळी, हवेशीर जागा आहे की ती डक्टमध्ये कोंबली जाणार? भाडेकरूने मागील मालकाची वर्षभराची वीजबिले मागावीत. डिपॉझिट ठरवताना जेवढी घासाघीस होते, तिच्या दहाव्या हिश्श्याने हे विचारले तरी विकासकापर्यंत निरोप पोहोचेल.

देशाच्या शीतकरण कृती आराखड्याने २०१९ मध्ये अंदाज मांडला होता, की २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत थंडाव्याची मागणी सुमारे आठपट होईल. ती मागणी ज्या इमारतींत निर्माण होणार आहे, त्यांतील बऱ्याच अजून नकाशावरच आहेत. एसी दहा वर्षांनी बदलता येतो, दिवे वर्षभरात बदलता येतात. भिंत, छत आणि इमारतीची दिशा बदलता येत नाही. आज मंजूर होणारी इमारत २०७५ मध्येही उभी असेल आणि तिच्यात त्या वेळी गाळा चालवणारा माणूसही, कोणीतरी २०२० च्या दशकात न विचारलेल्या प्रश्नाचे बिल भरत असेल. तो प्रश्न परवानगीच्या टेबलावर विचारण्याची वेळ आताच आहे.